न फुटलेला फटाका आणि न आलेलं उत्तर

संमेलनाच्या ग्रुपवर संपादक मंडळाचा निरोप आला : "आठवणी सगळेच लिहितात. या वेळी प्रत्येकाने आपण करतो त्या कामाचा इतिहास लिहा." वाचून बरं वाटलं आणि थोडी धडकीही भरली. गेली वीस-बावीस वर्षं मी गावी आले की कुणीतरी विचारतं, "तू नक्की करतेस काय गं?" आणि मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून सुटका करून घेते. मागच्या महिन्यात बाईंनाही फोनवर तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "अगं, पोस्टमन कधी 'मी पत्रांमध्ये आहे' असं सांगतो का?" तेव्हा बाई, हा लेख म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उशिरा आलेलं उत्तर.

माझं काम असं. कॉम्प्युटर डिस्कला सांगत असतो, अमुक जागची माहिती वाचून दे, तमुक जागी ही माहिती लिहून ठेव. अशा एका सांगण्याला कमांड म्हणतात. डिस्कचा वेग कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी कमी, म्हणून कमांड्सची रांग लावावी लागते. मधूनच एखादी कमांड फसते. मग ती पुन्हा द्यायची का, किती वेळा द्यायची, कधी हात टेकायचे, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरतं ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात. त्या गाभ्यातला रांगेचा आणि पुन्हा प्रयत्न करण्याचा भाग, आणि त्यासाठी प्रत्येक कमांडची कोणती नोंद ठेवायची याचा आराखडा, हे माझं काम. ते नीट चाललं तर कुणाला दिसत नाही. बिघडलं तर कुणाचे तरी फोटो, कुणाचा तरी हिशेब, कुणाची तरी कागदपत्रं जातात.

इतिहासाकडे वळण्याआधी आपल्याच गावातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

तेरखेड्याचं नाव लांबवर गेलं ते फटाक्यांमुळे. सोलापूर-धुळे रस्त्याने जाणारी माणसं दिवाळीच्या आधी आपल्याकडे गाडी थांबवतात. या कामाची किंमतही गावाने मोजली आहे, ती मी तुम्हाला सांगायला नको. आमचे आप्पा फटाक्याच्या कारखान्यात होते. दिवाळीत आम्ही वात पेटवून मागे पळायचो आणि कधी कधी फटाका फुटायचाच नाही. धाकटा भाऊ लगेच "फुसका, फुसका" करत वाकायला धावायचा. आप्पा कॉलर धरून त्याला मागे ओढायचे. त्यांचा नियम एकच : "फुटला नाही म्हणजे विझला असं नाही." आधी थांबायचं. मग लांबून बादलीभर पाणी टाकायचं. पूर्ण भिजला की मगच हात लावायचा. तोवर त्या जागी दुसरा फटाका ठेवायचा नाही.

माझ्या धंद्याला हा नियम शिकायला वीसेक वर्षं लागली, आणि मला स्वतःला तो पुन्हा एकदा शिकावा लागला.

सुरुवात करते १९७५ पासून. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सची सहावी आवृत्ती त्या वर्षी आली. तिचा कर्नेल दहा हजार ओळींहूनही लहान होता. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकांनी तो ओळीन् ओळ समजावून सांगणाऱ्या टिपणांवर वर्ग घेतले. पुढे कित्येक वर्षं त्या टिपणांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स विद्यार्थ्यांच्या हातांत फिरत होत्या. मीही त्या ओळी वाचल्या आहेत. तेव्हाची आरके-०५ ही डिस्क जेमतेम अडीच एमबीची. आज मोबाइलवरचा एखादा फोटो तिच्यात मावणार नाही. तिच्या रांगेची नोंद अगदी आटोपशीर होती : रांगेतली पहिली कमांड कुठे, शेवटची कुठे, काम चालू आहे की नाही, आणि चुका किती झाल्या. डिस्क एका वेळी एकच कमांड घ्यायची. चूक झाली की यंत्रणा रिसेट करायची, चुकांचा आकडा एकने वाढवायचा आणि तीच कमांड पुन्हा द्यायची. आकडा दहाच्या पुढे गेला की थांबायचं आणि ज्या प्रोग्रामने काम सांगितलं होतं त्याला कळवायचं, जमलं नाही.

साधं आणि प्रामाणिक काम. पण त्यात दोन गोष्टी नव्हत्या. चूक कशामुळे झाली यावर पुन्हा प्रयत्नाचा निर्णय अवलंबून नव्हता. डिस्कवर ओरखडा असो की क्षणभराची गडबड, प्रयत्न दहा म्हणजे दहा. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : डिस्कने चूक कळवली तर हे सगळं होणार, पण डिस्क काहीच बोलली नाही तर? तर कर्नेल वाट बघत बसणार, कायमची. गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा, याचा विचार त्या ओळींमध्ये नाही.

पुढचा टप्पा डिस्कशी बोलण्याच्या भाषेचा. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने १९७९ मध्ये अशी एक पद्धत तयार केली. तिच्यातून पुढे स्कझी हे प्रमाण निघालं आणि १९८६ मध्ये त्याला अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेची मान्यता मिळाली. १९९४ ला मान्य झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत एक मोठी सोय होती, टॅगची. ती समजायला आपल्याला टँकरची आठवण पुरे. टँकर यायच्या आधी बायका घागरी रांगेला लावून घरी कामाला जायच्या. कुणाची घागर कोणती ते खुणेवरून कळायचं. टॅग म्हणजे कमांडच्या घागरीवरची खूण. कर्नेल एकामागून एक कमांड्स डिस्ककडे देऊन मोकळा होतो. डिस्क आपल्या सोयीने, जी जागा जवळ पडेल ती आधी, अशी कामं उरकते आणि उत्तर देताना टॅग सांगते, म्हणजे कोणाचं काम झालं ते कळतं. टॅगला आठ बिट, म्हणजे २५६ खुणा.

आता एकाच वेळी बरीच कामं डिस्ककडे असणार, म्हटल्यावर चुकांचा एकच आकडा ठेवून भागेना. प्रत्येक कमांडची स्वतंत्र नोंद हवी झाली. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं. त्यातला स्कझीचा पहिला भाग १९९२ मध्ये ड्रू एकहार्टने लिहिला आणि पुढे एरिक यंगडेलने तो वाढवला. त्या नोंदीचा आराखडा आजवर अनेकदा बदलला, पण मुख्य कप्पे असे : आतापर्यंत किती वेळा प्रयत्न झाला, किती वेळा परवानगी आहे, कमांड कधी तयार झाली, मेमरीतली कोणती जागा तिला दिली आहे, आणि डिस्कने चुकीचं कारण सांगितलं तर ते ठेवायला जागा.

मला या आराखड्यातली सगळ्यात शहाणपणाची वाटते ती एक छोटी वेगळीक. डिस्क कधी म्हणते, "हे काम मधेच फसलं." कधी म्हणते, "माझी रांग भरली आहे, आत्ता घेऊ शकत नाही." पहिली चूक आहे, दुसरी गर्दी आहे. लिनक्समध्ये पहिल्या प्रकारात प्रयत्नांचा आकडा वाढतो, आणि साध्या डिस्कला असे पाच पुन्हा प्रयत्न मिळतात. दुसऱ्या प्रकारात आकड्याला हात न लावता कमांड परत रांगेत जाते, आणि त्या डिस्ककडे एका वेळी किती कामं पाठवायची तो आकडाच कमी होऊ शकतो. एस.टी. भरलेली होती म्हणून जो मागे राहिला, त्याची गैरहजेरी मांडायची नाही. पण हे अमर्याद चालू नये म्हणून एकूण वेळेलाही मर्यादा आहे. एका प्रयत्नाला तीस सेकंद, पहिला एक आणि पुन्हा पाच असे सहा, म्हणजे तीन मिनिटं. कमांड कधी तयार झाली ते नोंदवायचं ते यासाठी.

आणि आता तो मुख्य प्रश्न. तीस सेकंद झाली, डिस्क "हो" म्हणत नाही, "नाही" म्हणत नाही. काय करायचं?

सहज सुचतं ते हे : गेली असेल, पुन्हा देऊन बघू. मीही तेच केलं होतं. दोन हजार सालानंतरचं पुणं. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरचं बरंच काम तेव्हा तिथे चालायचं. व्हेरिटाससारख्या कंपनीचं विकास केंद्रही पुण्यात होतं. मी लागले एका लहान कंपनीत. तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण चूक माझी होती. डिस्क जोडायच्या एका कार्डासाठी मी ड्रायव्हर लिहिला. वेळ संपली की माझा कोड त्या कमांडची मेमरी मोकळी करायचा आणि नव्या जागेसह कमांड पुन्हा द्यायचा. चाचण्यांमध्ये सुरेख चाललं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वाचायची कमांड देताना कर्नेल मेमरीतल्या जागेचा पत्ता देतो आणि माहिती थेट त्या पत्त्यावर उतरते. मधे कुणी विचारत नाही. एका ग्राहकाकडे डिस्क मेली नव्हती, फक्त रेंगाळली होती. माझ्या कोडने तिला फुसकी ठरवलं आणि मेमरी दुसऱ्या कामाला देऊन टाकली. नंतर डिस्क जागी झाली आणि तिने इमानेइतबारे जुन्या पत्त्यावर माहिती आणून टाकली. हिशेबाच्या फाइलींमध्ये दुसऱ्याच फाइलीचे तुकडे दिसायला लागले. स्क्रीनवर एकही चूक नाही, सगळं "यशस्वी". कारण सापडायला आम्हाला तीन आठवडे लागले. बॅकअपमुळे बहुतेक माहिती परत मिळाली, पण एका दिवसाच्या पावत्या मिळाल्या नाहीत. तिथल्या दोन कारकुनांनी रात्री बसून त्या कागदावरून पुन्हा भरल्या. मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी मला चहा पाजला. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री गाडीत मला आप्पा आठवले. न फुटलेल्या फटाक्याकडे वाकून हात लावला होता मी, आणि पाणी टाकलं नव्हतं.

दुःख याचं की पाणी कसं टाकायचं ते तेव्हा आधीच लिहून ठेवलेलं होतं. यंगडेलनेच १९९७ मध्ये लिनक्ससाठी चुका आणि गप्प बसलेल्या कमांड्स हाताळणारा वेगळा भाग लिहिला, आणि सप्टेंबर २००२ मध्ये माइक अँडरसनने त्याची फेरमांडणी केली. या भागाची तेव्हाची रीत अशी : एखादी कमांड गप्प झाली की लगेच धावायचं नाही. त्या कार्डावरच्या बाकीच्या कमांड्स एक तर पूर्ण होऊ द्यायच्या, नाही तर त्यांचीही वेळ संपू द्यायची. सगळे हात थांबले की मग पायरी पायरीने वर चढायचं. आधी ती एकच कमांड रद्द करायला सांगायचं. नाही जमलं तर ती डिस्क रिसेट करायची. तरीही नाही, तर डिस्क ज्या वाटेवर आहे ती सगळी वाट. मग सगळं कार्ड. कशानेच जमलं नाही तर डिस्क बाद ठरवायची. रिसेटनंतर एक लहानसा प्रश्न टाकायचा, "तयार आहेस का?" आणि उत्तर आलं तरच पुढचं काम द्यायचं. कमांड रद्द झाल्याची किंवा रिसेट पार पडल्याची खात्री होईपर्यंत तिची मेमरी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. भिजेपर्यंत हात लावायचा नाही.

यानंतरच्या इतिहासातले दोन प्रसंग शाळेतलेच वाटतात, म्हणून सांगते.

घरगुती कॉम्प्युटरमध्ये साटा डिस्क आल्या, आणि त्यांनाही एका वेळी ३२ कामं घेता येऊ लागली. पण त्यांची एक खोड होती. बत्तिसातलं एक काम चुकलं की डिस्क सगळीच कामं सोडून द्यायची. एकाने दंगा केला की आपला अख्खा वर्ग बाकावर उभा राहायचा, तसं. मग कर्नेलला डिस्ककडून विचारून घ्यावं लागतं की मूळ दोषी कोण, आणि बाकीच्यांना पुन्हा पाठवावं लागतं. प्रश्न उरतो तो नोंदीचा. निर्दोष कमांड पुन्हा गेली म्हणजे तिचा एक प्रयत्न खर्च झाला. असं पाचसहा वेळा झालं तर काही न करता ती नापास. लिनक्समधल्या या भागात त्यावर एका ओळीचा उपाय आहे : स्वतःची चूक नसताना परत जाणाऱ्या कमांडची परवानगीची मर्यादाच एकने वाढवायची. एवढीशी ओळ, पण ती वाचली तेव्हा लिहिणाऱ्याला कधी ना कधी उगाच बाकावर उभं केलेलं असणार, असं मला वाटून गेलं.

दुसरा प्रसंग हजेरी क्रमांकाचा. २०११ मध्ये वेगवान डिस्कसाठी एनव्हीएमई हे नवं प्रमाण आलं. त्यात एकच रांग नाही, हजारो रांगा ठेवता येतात. लिनक्समध्ये मात्र तोवर एका डिस्कला एक रांग आणि त्या रांगेला एक कुलूप होतं. प्रोसेसरमध्ये कितीही कोर असोत, सगळे एकाच खिडकीपुढे ताटकळणार. जेन्स अ‍ॅक्सबो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावर निबंध मांडला, आणि जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या लिनक्स ३.१३ मध्ये प्रत्येक कोरला आपली रांग मिळाली. जुनी वाट २०१९ मध्ये काढून टाकली गेली. नव्या मांडणीत कमांड्सच्या नोंदी आधीच तयार करून ओळीने ठेवलेल्या असतात आणि टॅग म्हणजे ओळीतला क्रमांक. उत्तर आलं की शोधाशोध नाही, थेट त्या क्रमांकावर जायचं.

पण क्रमांक पुन्हा पुन्हा वापरला जातो. आपल्या वर्गात हजेरी क्रमांक २३ कुणीतरी होतं. पुढच्या वर्षी त्याच वर्गात २३ म्हणजे दुसरंच मूल. मागच्या वर्षीची उत्तरपत्रिका यंदा सापडली आणि वर फक्त "२३" असेल, तर गुण भलत्याला जातील. डिस्कने जुन्या कमांडचं उत्तर चुकून उशिरा किंवा दुबार दिलं तर नेमकं हेच होतं. २०२१ मध्ये लिनक्सच्या एनव्हीएमई भागात त्यावर उपाय आला. कमांडच्या ओळखीसाठी १६ बिट असतात. त्यातले १२ क्रमांकाला ठेवले आणि ४ बिटांत तो क्रमांक कितव्यांदा वापरात आहे ते लिहायला सुरुवात झाली. क्रमांकाशेजारी वर्ष लिहिलं, इतकंच. जुळलं नाही तर ते उत्तर स्वीकारायचं नाही.

आता डिस्कही थोडी बोलकी झाली आहे. एनव्हीएमईमध्ये ती चूक कळवताना सांगू शकते, "हे पुन्हा विचारू नकोस, उत्तर बदलणार नाही." आणि २०१९ च्या आवृत्तीपासून हेही सांगू शकते, "विचार, पण इतक्या वेळाने." १९७५ ला डोळे मिटून दहा वेळा विचारणारा कर्नेल आता कधी विचारायचं आणि कधी नाही ते ऐकून घेतो. पण अगदीच गप्प बसलेल्या डिस्कपुढे आजही दुसरा मार्ग नाही : थांबायचं, पाणी टाकायचं, खात्री करायची, मग हात लावायचा.

बाई, सर, माझं काम हे असं आहे.

जाता जाता संपादक मंडळाला एक विनंती. संमेलनाच्या यादीत आपल्या वर्गातल्या काही नावांपुढे "संपर्क नाही" असं लिहिलं आहे. त्यातलं एक नाव माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं आहे. नववीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं आणि ती शाळेत परत आली नाही. आपण तिला जुन्या नंबरवर दोन मेसेज पाठवले, एकदा फोन केला, आणि शेरा लिहून मोकळे झालो. तो शेरा बदलून "उत्तर यायचं आहे" असा करावा. दिवाळीत मी गावी येणार आहे. आधी तिच्या माहेरी जाऊन येते. तिथे कुणी नसलं तर तिच्या सासरच्या गावी जाईन, पत्ता आईकडे आहे. पुढच्या संमेलनाची यादी करताना मला विचारा.